फिरंगी खरवस

"निवू द्या." कुणी काहीही घेऊन आलं की आबा आधी हे दोन शब्द पुढे करायचे. उकळता चहा असो, तापलेला माणूस असो की बांधावरचं भांडण, त्यांच्याकडे औषध एकच. भट्टीसमोर ते उकिडवे बसलेले असायचे, पुढ्यात नुकताच काढलेला डबा, आणि पोरांनी कितीही गलका केला तरी वाफ पुरती गेल्याशिवाय सुरी लावायचे नाहीत.

मी कामथडीचा. डेअरीचं दूध गोळा करायला रोज सकाळी टेम्पो घेऊन वेल्ह्याकडच्या वाड्यांवर जातो. त्यातली शेवटची वाडी डोंगराच्या पोटाला चिकटून आहे, पंधरा उंबऱ्यांची. आबा तिथले. असा एक माणूस तुमच्याही गावात असेलच, जन्म बाहेर काढून म्हातारपणी परत आलेला आणि येताना भलतंच काही शिकून आलेला. आबांनी पुण्यात एका फ्रेंच बाईंच्या घरी तीस वर्षं स्वयंपाक केला होता आणि त्या बाईंच्या माहेरचं एक पक्वान्न घेऊन ते वाडीवर उतरले होते.

पक्वान्नाचं नाव म्हणे 'फार'. "फार काय, आबा?" असं मी दर आठवड्याला चिडवायचो आणि ते दर आठवड्याला हसायचे. दूध, अंडी, साखर, मैदा, लोणी. पीठ घावनाच्या पिठाइतकं पातळ. त्यात सुके आलुबुखार. बाईंच्या मुलखात ते दारूत भिजवतात, आबांनी काळ्या चहावर भागवलं होतं. वाडीत चार घरं माळकऱ्यांची. ती अंड्याबद्दल विचारायची नाहीत आणि आबा आपण होऊन सांगायचे नाहीत. वर काळपट साल, आत मऊ, थरथरता गर. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला फिरंगी खरवस म्हणून टाकलं.

दर शनिवारी सकाळी चार डबे भाजून व्हायचे. दुधाच्या कॅनशेजारी ठेवून मी ते शिवऱ्याला हायवेवरच्या एका कॅफेत पोचवायचो. काठापासून काठापर्यंत सारखी जाडी, आलुबुखार सगळीकडे सारखे पसरलेले. कॅफेवाला म्हणायचा, मशीननं केल्यासारखं आहे. हे मी आबांना सांगितलं की ते नुसतं "हं" म्हणायचे, पण कान लाल व्हायचे.

एकदा मी जरा लवकर पोचलो, तर आबा भट्टीत हात घालून डब्याखाली खापरीचा तुकडा सरकवत होते. पीठ पातळ असतं, जरा उतार मिळाला की एका अंगाला धावतं, असं त्यांनी समजावलं. भट्टीचा तळ बसला असेल, म्हणाले. मला पटलं. जुनी गोष्ट बसतेच.

त्या दिवाळीनंतर खालचा रस्ता रुंद करायला डोंगराचा पाय कापला. संक्रांतीला बघितलं तर डब्याखाली दोन तुकडे. होळीला तीन. तुकडे कायम एकाच बाजूला, दरीच्या. मी ते दर शनिवारी बघत होतो, आणि खाली जाणारा खरवस सरळ होता म्हणून मला त्याचं काही वाटत नव्हतं. आबांचंही बहुतेक तसंच झालं असावं. हाडाचा कारागीर वाकडा माल बाहेर पाठवत नाही. तो आधी सरळ करतो, मग विचार करतो.

वैशाखात, वाडी लग्नाच्या वऱ्हाडात गेली होती तेव्हा, त्यांनी भट्टी पाडली आणि तळाला नवी फरशी घालून जुन्याच विटांनी पुन्हा बांधली, बाहेरून पहिल्यासारखीच. पाणी ओतून ओतून फरशी समपातळीत आणताना मी स्वतः त्यांना बघितलं. पंधरवड्यानं गेलो तर नव्या भट्टीत डब्याखाली खापरीचा तुकडा होता.

"भट्टी न्हाई सरकत," आबा म्हणाले.

त्यांनी वर डोंगराकडे बघितलं म्हणून मीही बघितलं. करवंदीच्या जाळ्या होत्या, दोन म्हशी चरत होत्या. बाकी काही नव्हतं.

त्यांनी देवळात वाडी गोळा केली. डब्यातलं पीठ दरीकडे धावतंय, म्हणजे डोंगर सरकतोय, असं त्यांनी सांगितलं. पावसाळ्याआधी सगळ्यांनी खाली उतरावं, चार महिने पाव्हण्यांकडे काढावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. लोकांना हसू फुटलं. सगळ्यात मोठ्यानं हसली ती आक्का. सहा म्हशींची मालकीण, तोंडानं फटकळ, घरात तीन नातवंडं. ती म्हणाली, तुमचा खरवस तर आमी आजवर सरळच बघितला.

आबा खाली मान घालून म्हणाले, "तुकडे म्याच घालत हुतो. झाकलं म्याच. चूक माझी हाय." मग माझ्याकडे हात केला. "दूधवाल्यांनी बघितलंय. त्यांना इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. वाडी उठली तर माझं निम्मं दूध जाणार होतं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी म्हणालो, "भट्टी जुनी आहे हो त्यांची."

सभा तिथंच संपली. आबांनी मला खोटं पाडलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या शनिवारी त्यांनी एकही तुकडा घातला नाही. डबे भट्टीतून काढले आणि तसेच वाफाळते घेऊन घरोघर निघाले. निवू द्या ना, असं मीच म्हणालो. "आता निवायला येळ न्हाई," ते म्हणाले आणि चालू लागले. गरम खरवस सुरीखाली फाटत होता, बोटं भाजत होती, तरी ते वाटत राहिले.

आक्काच्या वाट्याला पापडाएवढी पातळ वडी आली आणि तिच्या जावेला चांगली दोन बोटं जाड. आक्का तरातरा भांडायला आली. आबांनी उरलेला डबा तिच्यापुढे धरला. एका काठाला खरवस चढलेला, दुसऱ्या काठाला पत्रा दिसत होता, आणि आलुबुखार सगळे एका कोपऱ्यात जमलेले. आक्का बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिली. दोन दिवसांनी ती म्हशी आणि नातवंडं घेऊन वरव्याला माहेरी गेली. तिच्या मागोमाग एकेक करत सगळी घरं गेली. शेवटी आबा उतरले.

त्या पावसाळ्यात काही पडलं नाही.

दिवाळीला वाडी परत आली आणि आबांची पुरती चेष्टा झाली. म्हाताऱ्यानं खरवसापायी चार महिने दुसऱ्याच्या दारात राहायला लावलं, असं जो तो म्हणायला लागला. आणि पुरावा म्हणून माझंच वाक्य फिरायला लागलं, दूधवालेच म्हनले की भट्टी जुनी हाय. आबा चिडले नाहीत. "न्हाई पडला, ब्येस झालं," म्हणायचे. डब्याखाली तुकडे घालणं त्यांनी सोडलंच होतं; कॅफेला वाकडे डबे नको होते, म्हणून पोरांना वाटायचे. मला त्या माणसाची माया होती. खरं बोलावं असं दर शनिवारी वाटायचं आणि दर शनिवारी मी कॅन भरून निघून यायचो.

माघात त्यांची छाती भरली. भोरला दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी गेले. भट्टीत आता आक्काची कोंबडी बसते.

परवा सकाळी दुधाचं माप घेताना मी आक्काला विचारलं, औंदा वरव्याला कधी जाणार? पाऊस आठवड्यावर आला होता. ती म्हणाली, कुणीच जाणार नाही. एकदा झाली तेवढी शोभा बास.

"आन् तुमीच म्हनला हुता की," ती म्हणाली. "भट्टी जुनी हुती."

मी माप खाली ठेवलं. "नवी होती, आक्का. त्याच महिन्यात बांधलेली. माझ्यासमोर."

ती हळूच म्हणाली, "मंग तवा का न्हाई बोलला?"

आक्का उत्तराला थांबली नाही. ती वळली आणि दोरीवरचे नातवंडांचे ओले कपडे ओढून काढायला लागली. घडी न घालता, तसेच बोचक्यात.