ट्रेलरमधली तानाबाई

जानेफळच्या अंगणवाडीत तानाबाई मदतनीस होती. सकाळी वस्तीतून फिरून पोरं गोळा करायची, त्यांना हातपाय धुवायला लावायचं, खिचडी शिजवायची आणि जेवून पेंगुळलेल्यांना थोपटून झोपवायचं, हे तिचं काम. गावात आता कॉलेजला जाणारी कितीतरी मुलं अशी होती की त्यांचं आईशिवायचं पहिलं रडणं तिच्याच खांद्यावर झालं होतं.

लहानपणी गोवर निघाला तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर पांढरट साय धरल्यासारखं दिसे. पोरांना त्याची गंमत वाटायची. एखादं मांडीवर बसून बोटाने दाखवायचं, "आजी, तुझ्या डोळ्यात दूध सांडलं?"

"हाव, तुयासाठीच ठेवलं," ती म्हणायची.

भूतखेत हा विषय तिच्या घरात कधी नव्हताच. नवरा जानराव होता तेव्हा पिंपळाखालून रातपाळीला शेताला पाणी द्यायला जायचा आणि कुणी भुताचं नाव काढलं की खदाखदा हसायचा. रविवारी विहारात वंदनेला जाणारी माणसं ही. जानराव गेला, तरी घराची ती रीत तशीच राहिली.

थंडीच्या दिवसांत गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये सिनेमावाले आले. तानाबाईचा मुलगा रवी काळी-पिवळी चालवायचा. त्यांची माणसं मेहकरहून आणायचं काम त्याच्याकडे आलं. त्यांच्यात शेखर नावाचा एक तरणा पोरगा होता, दिग्दर्शकाच्या हाताखालचा. गोड बोलायचा. एकदा रवीबरोबर तो अंगणवाडीत पाणी प्यायला आला. तानाबाई खिचडी चुलीवर ठेवून दारात किरकिरणाऱ्या डिंपलला झोपवत बसली होती. डिंपल चार वर्षांची, आणि तानाबाईच्या अंगाईशिवाय डोळा मिटायची नाही. अंगाई कसली, तानाबाईने स्वतःच जुळवलेली चार वाक्यं, ज्या पोराला झोपवायचं त्याचं नाव मध्ये घातलेलं.

शेखर ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "आजी, तुमचं थोडं शूट करू का? फक्त गाणं. बाळाचा चेहरा नाही घेणार."

तानाबाई लाजली. "मायं काय शूट करता बापू? मले एक दात नाई समोर."

"तेच छान आहे."

रवी हसत होता. तिनेही मग हो म्हटलं. ती गात राहिली, शेखर कॅमेरा धरून बसला. इतक्यात आतून सेविका रुख्मिणीताई ओरडली, "तानाबाई, खिचडी लागून राह्यली!" तानाबाईने चटकन मान वळवली, आणि आपण गाण्यात चूलच विसरलो हे ध्यानात येऊन तिला हसू फुटलं. एवढंच झालं होतं.

ट्रेलर आला तो उन्हाळ्यात. रवी दुपारी जेवायला आला तोच फोन पुढे करत. "माय, बस इथं. सारिके, तू पण ये." सून सारिका कणकेच्या हातानेच येऊन बसली.

सुरुवातीला काहीच नव्हतं. एकटं घर, हलणारं तुरीचं शेत, वाऱ्याचा आवाज. एक शहरातली बाई दाराला कडी लावते आणि पाठ फिरवताच कडी सरकते. पाळणा रिकामा आहे, पण हलतो आहे. मग अंगाई सुरू झाली. आवाज तानाबाईचाच, पण इतका संथ केलेला, की एकेक अक्षर विहिरीतून वर ओढल्यासारखं येत होतं. डिंपलचं नाव काढून टाकलं होतं. ती शहरातली बाई अंधारात विचारते, "कोण आहे?" कुणी नाही. फोन काळा झाला. वारा थांबला, अंगाई थांबली. संपलं वाटून सारिकाने धरलेला श्वास सोडला, आणि नेमक्या त्याच वेळी पत्रा फाटल्यासारखी किंकाळी होऊन एक चेहरा अख्ख्या फोनभर आला. निळसर पडलेला, तोंड अर्धवट उघडं, एक डोळा पांढरा.

तानाबाई मागच्या लोखंडी पेटीवर जाऊन आदळली. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "कोन हाय थे?"

रवी आणि सारिका एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा तिला कळलं, तो चेहरा तिचाच होता.

"आवाज बंद करून लाव," ती म्हणाली. रवीने लावलं. आता मान वळवणारी एक म्हातारी होती, बस. तिला तो क्षणही आठवला. पुढे हसू येणार होतं. हसू येण्याआधीच तिला कापलं होतं.

आठ-पंधरा दिवसांत गावात ज्याच्या त्याच्या फोनवर तो चेहरा झाला. पारावरची पोरं ती किंकाळी रिंगटोन म्हणून वाजवू लागली. सुरुवातीला कौतुकच होतं. "तानाबाई, तू तं हिरोईन झाली व!" असं बाया म्हणायच्या, आणि ती हसून घ्यायची. मग एका सकाळी ती डिंपलला घ्यायला गेली. दारात उभी राहून नेहमीसारखी हाक दिली. डिंपलने तिला पाहिलं आणि अशी किंचाळली की शेजारचे बाहेर आले. पोरगी घरच्या आजीच्या पातळात तोंड खुपसून थरथरत होती.

डिंपलची आजी, सत्यभामाबाई, ओशाळली. "मोठ्या पोराईनं दाखवलं व तिले. रोज दचकून उठते. चार दिस राहू दे, मी आनून सोडीन."

"मले काय झालं व पोरी?" तानाबाई वाकून म्हणाली. "मी आजी हाय ना तुयी." डिंपल आणखीच रडली.

ते एकाच घरापुरतं राहिलं नाही. पोरगं जेवत नसलं की घराघरात म्हणू लागले, "जेव, नाई तं तानाबाई येईन." तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, एका ओसरीवरून जाताना. म्हणणारी सून लहानपणी तानाबाईच्याच मांडीवर झोपलेली. तानाबाई न थांबता पुढे गेली. 

तिने करून पाहिलं नाही असं नाही. पदर नाकापर्यंत ओढून घेतला, तर पोरं पदराखाली काय आहे म्हणून भ्यायली. मोतीबिंदूवाले घालतात तसा काळा चष्मा बाजारातून आणला, तेव्हा तर एकाने जागेवरच लघवी केली. अंगाई तिने बंदच केली. रवी तिला बुलढाण्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस. तपासून म्हणाला, "बाई, हे फार जुनं आहे, आता निघायचं नाही. इतकी वर्षं काही त्रास नव्हता ना?"

"नव्हता साहेब," ती म्हणाली. "मले तं ध्यानातही नसे."

परत येताना रवीने गाडी बाजूला घेऊन शेखरला फोन लावला, आईलाही ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर.

"दादा, थे आमच्या मायचं काढून टाका. लेकरं भेतात तिले."

शेखर घाबरलाच. खरंच वाईट वाटलं त्याला. "रवीभाऊ, आजींना मी घाबरवायला घेतलंच नव्हतं हो. मला ते गाणं आवडलेलं. पण ट्रेलर कापणारे वेगळे असतात, मुंबईत. त्यांचा ठरलेला साचाच आहे. आधी घर, पाळणा, अंगाई, सगळं ओळखीचं दाखवायचं. मग शांत करायचं. माणूस सैल पडला की आवाज टाकायचा. चेहरा कुणाचाही चालतो, भीती त्या आवाजाची असते."

"मंग दुसऱ्या कोनाचा टाका."

"आता कुठून काढणार? लोकांनी उतरवून घेतलंय, पुढे पाठवलंय. माझ्या हातात काहीच नाही. मला तर त्यांनी कामावरूनही काढलं."

तानाबाईने रवीच्या हातून फोन घेतला. "जेवतं का बापू वेळेवर?" तिने विचारलं. "हो आजी," तो म्हणाला. रवी चिडला होता. त्याने फोन घेऊन बंद केला आणि गाडी सुरू केली.

सिनेमा लागला तेव्हा रवी एकटाच मेहकरला जाऊन पाहून आला. सारिकाने विचारलं, "मायचं किती वेळ दाखवलं?"

"नाईच," तो म्हणाला. "पूर्न पाह्यला. माय त्याच्यात कुठीच नाई. थे गानंही नाई." भूत म्हणून कुणी लांब केसांची तरणी बाई होती. थेटरात पाच-दहा माणसं होती, तीही मधूनच उठून गेली. शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी उतरला. ट्रेलर मात्र कुठे उतरणार होता?

पावसाळ्यात रुख्मिणीताईने एके दिवशी तिला स्वयंपाकाच्या खोलीत गाठलं. तिचे डोळे भरलेले होते. "तानाबाई, पटावर पोरं आहेत, पण येत नाहीत. वरून विचारणा होऊन राह्यली. तुमी असं करता का, सकाळी अगोदर येऊन खिचडी करून ठेवता? पोरं मी आनते, वाढतेही मीच. पोरं घरी गेल्यावर तुमी भांडे घासा."

"मले काढून नाई ना टाकलं?"

"नाही हो, असं काऊन म्हनता?"

"मंग ठीक हाय."

तेव्हापासून ती उजाडता येते आणि पोरं यायच्या वेळेला खोलीचं दार आतून ओढून घेते. भिंतीपलीकडे कोण रडतं, कोण कुणाला चावलं, हे तिला आवाजावरून कळतं. दोन वर्षं झाली, डिंपल पहिलीत गेली. नवीन आलेल्या पोरांनी तर तानाबाईला अजून पाहिलेलंच नाही, फक्त तिचं नाव ऐकलं आहे. सारिका म्हणते, सोडा हे काम. पण घरी बसून करायचं काय, हे तिला ठाऊक नाही, म्हणून ती जात राहते.

मागच्या बाजारच्या दिवशी ती भाजी निवडत असताना बाहेरगावची दोन कॉलेजातली पोरं-पोरी तिच्यापाशी थांबली. मोबाईल काढून त्यातली मुलगी लाडाने म्हणाली, "आजी, तुम्हीच ना त्या? एक सेल्फी घेऊ? ट्रेलरमध्ये पाहिलं तसंच पाहा ना एकदा."

तानाबाईने पिशवी खाली ठेवली. नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने मान वळवून पाहिली, डोळे मोठे केले, तोंड उघडलं. मुलगी म्हणाली, "असं नाही हो, तसं."

"मले नाई येत थे," तानाबाई म्हणाली. "मी काई केलंच नोतं, पोरी. मी तं खिचडी पाहून राह्यली होती."

मुलांना ते काही समजलं नाही. त्यांनी तशीच सेल्फी घेतली, थँक्यू म्हटलं आणि ती गर्दीत निघून गेली. वांगीवाल्याने तागडीतली वांगी पिशवीत ओतली, आणि तानाबाई बाजारातून खाली मान घालून घराकडे चालू लागली.