गल्लीचा ई-मेल

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा श्रीरामपूरच्या स्टँडजवळच्या एसटीडी बूथवाल्याने इंटरनेट घेतलं. आमच्या बौद्ध वस्तीत कुणाकडे फोन नव्हता. सगळ्यांच्या लग्नपत्रिकेवर, अर्जावर याच बूथचा नंबर, पुढे ‘पी.पी.’, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा, असं लिहिलेलं. फोन आला की बूथवाला निरोप धाडायचा. ई-मेलही तसाच असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो. त्याने अख्ख्या गल्लीसाठी एकच खातं काढलं आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून टाकला! आज हे सांगितलं की माझ्या ऑफिसातले लोक पोट धरून हसतात.

मी बी.एस्सी. झाले होते. पुढे शिकायला बंगळूरला गुपचूप अर्ज केला आणि ई-मेल दिला तो हाच. झालं! निवड झाल्याचं माझ्याआधी गल्लीने वाचलं. आठवड्याच्या आत होकार कळवायचा होता. संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभाच भरली. पोरगी एवढ्या लांब? आलेल्या स्थळाचं काय? ज्याने त्याने मत दिलं, माझं तेवढं कुणी विचारलं नाही. साखर कारखान्यातून दमून आलेले वडील शेवटी म्हणाले, “मला इचाराल तर, न्हाई.” मी रडून डोळे सुजवले.

सकाळी ते मला घेऊन बूथवर गेले.

“पोरीला तिचं येगळं खातं काढून द्या. पासवर्ड कुनाला कळता कामा न्हाई. मलाबी न्हाई.”

बूथवाला हसला. “सख्ख्या बापालाबी न्हाई?”

“मत कुनाला टाकलं, ते मी हिच्या आईला तरी सांगतो व्हय?”

मतदानाला इस्त्रीचा सदरा घालून जाणारा माणूस तो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “माजं काल सांगून झालं. आता तुजं तू लिव.” बूथवाल्याला दंडाला धरून ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी होकार लिहिला. “झालं,” असं मी म्हणाले तेव्हाच ते वळले. काय लिहिलंस, हे घरापर्यंत विचारलं नाही. मीच सांगितलं.

हल्ली फोन उघडला की कोण कोण डोकावत असतं, देव जाणे. पण या यंत्रापुढे मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभा राहणारा बाप मला मिळाला, हे माझं थोर नशीब. त्यांचं मत ‘न्हाई’च होतं, ते त्यांनी कधी बदललं नाही. आणि दर सुट्टी संपली की मला बंगळूरच्या गाडीत बसवून द्यायला तेच यायचे.