गोंदण फोटोत येत नाही

माझ्या फजित्या सगळ्या लोणावळ्याला पाठ आहेत. मीच त्या सांगत आलोय. एका शेटजींचा सहकुटुंब फोटो काढला आणि त्यात शेटजींचं डोकं तेवढं बाहेर राहिलं, ती. कॅमेरा वाचवायला ओढ्यात उडी घेतली आणि कॅमेरा काठावरच होता, ती. लोक हसतात, चहा पाजतात, मीही चेव येऊन सांगतो. ही एक मात्र — ही मी घरच्या बाईलासुद्धा कधी सांगितली नाही, आणि तिला जाऊनही आता चार वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल.

मानमोडीच्या तापाच्या साथीचं, पहिल्या लढाईचं शेवटचं वर्ष. बाजारपेठेत माझं दुकान नवं होतं. मागे पडदा, पडद्यावर मीच रंगवलेला राजवाडा, त्याचे खांब तेव्हाच पडायला आलेले. आंदर मावळातला एक शेतकरी, राणू, तांदूळ विकायला आला होता. बरोबर बायको सगुणा आणि वर्षाची पोर. बायकोचा एकटीचा फोटो काढायची हौस सगळी राणूची; तो पोरीला घेऊन बाजूला उभा राहिला. सगुणा खुर्चीच्या कडेला टेकून बसली, जशी काही खुर्ची तापलेली होती — फोटू काढला की आयुष्य कमी होतं, असं तिला कोणीतरी सांगितलेलं. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं, काचेवर तिचा चेहरा नीट बसवला, मागून प्लेटची चपटी पेटी सरकवली. आणि मग मला काय सुचावं? मी कोंबडा आरवून दाखवला. ती हसली. इतकी हसली की मी स्वतःवरच खूश होऊन लेन्सची टोपी काढली, घातली आणि वाकून मुजरा केला.

पेटीचं झाकण ओढायचं राहून गेलं होतं. ते ओढल्याशिवाय प्लेटवर उजेड पडत नाही. कोंबड्याच्या नादात मी अंधाराचा फोटो काढला होता.

प्लेट धुतली तेव्हा कळलं. ठरवलं, पुढच्या बाजाराला येतील तेव्हा काहीतरी थाप मारून पुन्हा बसवू. पुढच्या बाजाराला कोणी आलं नाही. महिन्याभराने राणू एकटाच आला, भादरलेल्या डोक्यावर नुकते केस फुटलेले. सगुणा तीन दिवसांच्या तापात गेली होती. फोटो द्या म्हणाला, पोरीला आई म्हणून दाखवायला काहीतरी पायजे.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. अवघड होतं का? नव्हतं. पण फोटोग्राफर म्हणून नाव कमवायला निघालेला माणूस, त्याने झाकण विसरलो म्हणायचं? मी म्हटलं, तासाभराने ये.

माझ्या दुकानासमोर अमिनाबीचं बांगड्यांचं दुकान. तिचा नवरा लढाईच्या कामावर बसऱ्याला निघाला तेव्हा त्याने तिचा फोटो काढून घेतला होता, आणि एक प्रत मी नमुना म्हणून ठेवली होती. साधारण तेच वय, तसंच लुगडं, तसाच डोक्यावर पदर. कपाळ मोकळं होतं. त्यावर मी बारीक ब्रशने कुंकू रेखलं.

राणूने फोटो उन्हात धरला. त्याने आयुष्यात फोटो पहिल्यांदाच हातात घेतला होता.

"हनवटीवर गोंदण हुतं तिच्या. तीन ठिपकं."

"गोंदण फोटोत येत नाही," मी म्हणालो.

"आन नाक?"

"कॅमेऱ्यात नाक जरा बदलतंच, राणू."

त्याने मान डोलावली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याला माझं यंत्र खरं वाटलं. फोटो उपरण्यात गुंडाळून, पोराला घ्यावं तसा छातीशी धरून तो निघून गेला.

वीस-बावीस वर्षं गेली. दुसरी लढाई सुरू झाली होती. एके दुपारी दुकानात एक तरणी बाई आली, फडक्यातून तोच फोटो काढला. मी रेखलेल्या कुंकवावर रोज खरं कुंकू लावून लावून कपाळ लालभडक झालेलं. ती राणूची पोर, चंद्रा. लग्न होऊन खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत नांदायला आली होती, आणि बांगड्या भरायला म्हणून समोर अमिनाबीकडे बसली होती.

"भाऊ, ह्यो तुमी काढलाय. मागं शिक्का हाय तुमचा," ती म्हणाली. "ती समूरची बाई हीच हाय. म्हातारी झालीया, पन हीच हाय. माझी आई मेली का आमाला टाकून गेली, येवढंच सांगा."

मी बापाला विचारायला सांगितलं.

"आबा म्हंत्यात, तापात मेली. आन म्हंत्यात, पयल्यांदा ह्या फोटूत ती वळखू यायची न्हाई. आता डोळं मिटलं की हीच दिसती."

ऐकलंत? त्या माणसाच्या डोळ्यांतूनसुद्धा मी त्याची बायको पुसून टाकली होती. आणि तरी मी काय म्हणालो? चेहरे सारखे असतात, पोरी, इतकं जुनं कोणाला आठवतंय. वर फोटो डागाळलाय, साफ करून देतो म्हणून ठेवून घेतला — रस्ता ओलांडून तिने तो अमिनाबीला दाखवू नये म्हणून.

त्यानंतर ती दर बाजाराला यायची. फोटो झाला का, विचारायची. मी अजून नाही म्हणायचो. मग ती समोर जाऊन अमिनाबीपुढे हात धरून बसायची. एवढ्या बांगड्या कशा पिचतात, अमिनाबीला नवल वाटायचं. मला वाटत नव्हतं. पेठेच्या तोंडाशी असलेल्या दगडावर चंद्रा मनगट आपटताना मी पाहिली होती.

मग एक दिवस अमिनाबीच रस्ता ओलांडून आली. तिचा नवरा बसऱ्याहून परत आलाच नव्हता, एकटीच राहायची.

"ती खंडाळ्याची पोरगी मला आई म्हणाली हो," ती म्हणाली. "मी म्हटलं, मला लेकरूच झालं नाही, बाई. तर म्हणती, आता तरी खोटं बोलू नको. रडत गेली. कोण आहे ती?"

"कोण जाणे," मी म्हणालो.

चंद्रा पुन्हा आली नाही. फोटोसाठीही नाही. आईने टाकलं, आणि तोंडावर नाकारलं — एवढं घेऊन ती गेली. अमिनाबी अजून बाजाराच्या दिवशी त्या वाटेकडे बघते. फोटो माझ्या पुढ्यात आहे. खंडाळा चालत तासाभराच्या आत येतो. मी गेलेलो नाही.

सगुणाचा चेहरा आता माझ्या एकट्याकडेच उरलाय. काळ्या फडक्याखाली, काचेवर माणूस उलटा दिसतो. तिचं डोकं खाली होतं, आणि हनुवटीवरचे तीन ठिपके ओठांच्या वर. हिरवट, एका रांगेत, मधला थोडा सरकलेला. मग मी बाहेर आलो, कोंबडा आरवला, आणि ती सुलटी हसली. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. नाक चंद्राचंच.

राणूच्या कडेवरची पोर तेव्हा आईकडे बघून हसत होती.