ए म्हणजे इंजिनियर

आमच्या घरात शिक्षणाचे सगळे निर्णय मामा घ्यायचा, कारण तो हद्दीपलीकडे गुजरातेत, उंबरगावला कंपनीत कामाला होता आणि रोज इस्त्रीचा शर्ट घालायचा. बाकी आम्ही हद्दीच्या अलीकडच्या झाईची माणसं. बाबा होडीवर, आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायला. दहावीचा निकाल लागला तेव्हा मला एकच गोष्ट पक्की माहीत होती, आपल्याला इंजिनियर व्हायचंय. बाबांच्या होडीचं इंजिन बंद पडलं की पाना घेऊन सगळ्यात आधी मी हजर. माझ्या हातून दुरुस्त काही व्हायचं नाही, पण नाक खुपसायचेच.

मामा आला, बशीत चहा ओतून प्यायला आणि म्हणाला, "जो दीकरी, बघ पोरी, सायन्सला दोनच ग्रुप. ए ग्रुप म्हणजे मॅथ्स, म्हणजे इंजिनियर. बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी, म्हणजे डॉक्टर. तू ए घे. पती गयुं!"

मामाचं "पती गयुं" म्हणजे विषय संपला. आईने मान डोलावली, बाबांनी मान डोलावली, मीही डोलावली. कॉलेजच्या खिडकीवर क्लार्कने वर न बघता विचारलं, "ए की बी?" मी इतक्या जोरात "ए!" म्हणाले की मागच्या पोराने कानात बोट घातलं.

कॉलेज सुरू झालं. फिजिक्स झालं, केमिस्ट्री झाली, बायोलॉजीत झुरळाचं पोट उघडून त्याचे सगळे अवयव पाठ करून झाले. बायोलॉजी सगळ्यांनाच थोडी असेल, असं मी धरून चालले. गणिताचा मात्र पत्ता नाही. मी म्हटलं, असेल, गणिताचे सर अजून यायचे असतील. आमच्या भागात शिक्षकाची जागा रिकामी असणं ही काय बातमी आहे का? शाळेत आम्ही इंग्रजीच्या बाईंची दिवाळीपर्यंत वाट बघितलेली. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "येईल गं. मॅथ्सवाला भाव खातो." मग मी आणखी थोडे दिवस झुरळ गिरवलं.

शेवटी राहवेना. बायोलॉजीच्या मॅडमना भर वर्गात विचारलं, "मॅडम, गणिताचे सर कधी येणार?"

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम म्हणाल्या, "अगं, या तुकडीला गणित नाहीच. ही ए तुकडी, बायोलॉजीवाली. गणितवाले बी तुकडीत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ राग. मामाचे ए आणि बी हे गुजरातचे! तिकडे ए ग्रुप म्हणजे गणित. आमच्या कॉलेजात ए आणि बी ही नुसती तुकड्यांची नावं, वाटेल तशी ठेवलेली. हद्दीच्या अलीकडून बसमध्ये बसायचं आणि पलीकडच्या माणसाचा सल्ला घ्यायचा, मग दुसरं काय होणार! आणि गणित नाही म्हणजे इंजिनियरिंगच्या नावाने आंघोळच करायची.

मी बी तुकडीच्या सरांकडे धावले. सर म्हणाले, "बी फुल्ल आहे. तिकडून कुणी इकडे यायला तयार असेल तरच बदलून देतो. तेही आज-उद्यात. मग यादी वर जाते."

मी घरी जाऊन रडले. म्हणजे चांगलं भोकाड पसरून रडले. आईने मामाला फोनवर असं काही झाडलं की त्याचं गुजराती बंदच पडलं. दुसऱ्या दिवशी बाजार उरकून ती थेट कॉलेजात आली. टोपली गेटवरच्या वॉचमनजवळ ठेवली, पदर खोचला आणि मी "आई, नको ना" म्हणेपर्यंत बी तुकडीच्या दारात उभी. आत तेच सर गणित शिकवत होते.

"सर, जरा थांबा," आई म्हणाली आणि बाजारातल्या आवाजात वर्गाला विचारलं, "पोरांनो, गणित कुणाला नकोय?"

अर्ध्या वर्गाचे हात वर! एका पोराने तर दोन्ही केले. मी लाजेने दाराआड, आणि सर फळ्याला टेकून उभे. मग त्यांनी घसा खाकरला. "खरंच नकोय? तुकडी बदलली की इंजिनियरिंग विसरायचं. बोला."

भराभर हात खाली आले. माझा जीवही त्यांच्याबरोबर खाली. फक्त शेवटच्या बाकावरचा एक हात तसाच राहिला. उधवा गावची मुलगी होती, दोन वेण्यांची, आवाज इतका बारीक की सरांना पुढे जावं लागलं.

"मला नर्सिंगला जायचंय, सर."

"मग बी तुकडी कशाला घेतलीस?"

"मावशी गुजरातेत असते, भिलाडला. ती म्हणाली, बी म्हणजे बायोलॉजी."

वर्गात हशा पिकला. मी तर दाराला धरून हसत सुटले. माझ्यासारखंच दुसरं येडं, भिंतीपलीकडे बसून बायोलॉजीची वाट बघत होतं! सरही हसले. "अगं बाई, मग इतके दिवस विचारलं का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "विचारणार होते. पण सगळे भराभर गणितं सोडवायचे आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मला वाटलं, मीच ढ आहे. विचारलं तर काढून टाकतील."

माझं हसू तिथेच थांबलं. माझी तुकडी चुकली तेव्हा मी अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. मला कधी एकदाही वाटलं नव्हतं की मी ढ आहे.

सर माझ्याकडे वळले. "चल, तुझं नाव लिहून घेऊ."

आई त्या मुलीच्या बाकापर्यंत गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. "आधी हिचं लिहा, सर," ती म्हणाली. "माझी थांबेल."