जांभूळच्या दिव्यांना नमस्कार

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाजवळ मला अजूनही अनुभव सांगायला बसवतात. देवाने अंधारात वाट दाखवली, हे ऐकून माणसं डोळे पुसतात आणि मी बेलवलीला घरी येऊन गप्प बसतो. अनुभव खोटा नव्हता, पण मी सांगत आलो ते पुरतं खरं नव्हतं. त्यात देवाचं किती आणि माझं किती, हा गोंधळ या वयातही सुटलेला नाही. निदान एका माणसावर केलेला अन्याय तरी निस्तरायला हवा.

मी तेव्हा घाटावरच्या एका क्लबात छोटी विमानं चालवायला शिकवायचो. त्या महाशिवरात्रीला बायकोचा भाऊ, पालेगावचा बाळाराम, शेजारी बसला होता. वरून जत्रेची रोषणाई दाखवतो, अशी फुशारकी मीच मारली होती. निघायला उशीर झाला, तरी ठरलेला मार्ग सोडून मी घाटाखाली, अंबरनाथकडे वळलो. चंद्र नव्हता. खाली गावांचे दिवे, वर तारे, मध्ये विरळ धुकं. जमीन कुठे संपते तेच कळेना. उल्हासनगर समजून वळलो ते बहुधा बदलापूर होतं. मलंगगडाचे डोंगर जवळच कुठेतरी अंधारात होते. विमान सरळ चाललंय असं मला अगदी खात्रीने वाटत होतं, तरी उंची घटत होती. म्हणून नाक वर यावं यासाठी मी विमान हाकायचा दांडा पोटाशी ओढत होतो. जितका ओढावा तितकं ते जास्तच घसरत होतं. समोरचे काटेच बिघडलेत, असं मी ठरवून टाकलं होतं.

बाळाराम खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाला, "भावोजी, देऊल दिसला. हात जोरा."

मी दांडा सोडून हात जोडले, मान खाली घातली. नजर पडली ती विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकडीवर. त्यातलं चिमुकलं विमान पार डावीकडे कललं होतं; असं कललेलं विमान दांडा ओढला की आणखीच घसरतं. शरीर म्हणत होतं सरळ आहेस, तबकडी म्हणत होती पडतो आहेस. का कोण जाणे, मी तबकडीचं ऐकलं. आधी पंख सरळ केले, मग नाक उचललं. रेडिओवरून दिशा मिळाली आणि आम्ही सुखरूप उतरलो.

क्लबात जाब विचारला तेव्हा मी म्हणालो, पाहुणा घाबरला, त्याने दांडा धरला. ते घरापर्यंत पोचलं. लग्नाकार्यात लोक त्याला विचारायचे, "बाळाराम, जत्रेत पाळण्यात तरी बसशील ना?" तो हसायचा. भावोजी खोटं बोलतात, असं एकदाही म्हणाला नाही.

पुढे त्याच बाजूने उडताना कळलं, ते देऊळ नव्हतंच. जांभूळ गावातल्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्राचे दिवे होते. हेही मी लपवलं.

परवा पालेगावला जाऊन बाळारामला दोन्ही गोष्टी सांगितल्या, क्लबातलं खोटं आणि ते दिवे. तो म्हणाला, "पानीच ना? पिंडीवर तेच वततो आपुन." आणि थांबून म्हणाला, "पन माझे नातवाला सांगा, आजा भ्यायला नव्हता."

त्याच्यासमोरच नातवाला सांगितलं. इथेही लिहितो: भ्यालो होतो तो मी.

त्या रात्री कोणी वाचवलं, मला ठाऊक नाही. दांडा घट्ट धरला होता तोवर पडत होतो, एवढंच कळतं. जांभूळवरून जाताना हात अजूनही जुळतात. कोणाला, ते विचारणं सोडलं आहे.