निर्दोष आणि बाकीच्या

तुरुंगाच्या बराकीतून निघताना बायांनी मला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एकीने केस विंचरून दिले, एकीने जपून ठेवलेली धुतली साडी नेसवली. काशीमावशी म्हणाली, "सुलभा, आता परत तोंड दाखवू नको हां." सगळ्या हसल्या. तुमच्यातल्या बऱ्याचजणी अजून आत आहेत, काहीजणी बाहेर पडून कुठेकुठे पांगल्यात. तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. बाहेर काय असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर ऊन होतं आणि माझा भाऊ दिलीप नव्हता. त्याला उशीर झाला असेल म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. गाड्या अंगावर आल्यासारख्या वाटत होत्या. तेवढ्यात खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक वयस्कर बाई पुढे आली.

"सुलभा परब ना तुम्ही? मी शिरोडकर. सुटून आलेल्या बायकांसाठी आमची एक छोटी संस्था आहे. कुणी यायचंय का तुमचं?"

तिच्याच फोनवरून मी दिलीपला फोन लावला. त्याने आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, "सुलू, प्राचीचं लग्न ठरतंय गं. पाहुण्यांची ये-जा चाललीय. तेवढं होऊ दे, मग मीच येतो न्यायला."

मी "बरं" म्हटलं. दिलीपच्या या लेकीला मीच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या लग्नात माझी अडचण होईल, हे मलाही कळत होतं.

डिलाईल रोडच्या चाळीतली आमची ती खोली. बाबा गिरणीत होते, आई मालवणची. मी लग्न केलं नाही. परळच्या एका खासगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागले आणि तिथेच रमले. न्हाऊमाखू घातलेलं पोर दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात द्यायचं, यापेक्षा चांगलं काम मला ठाऊक नव्हतं. मग तिथून एक बाळ विकलं गेल्याचं उघडकीला आलं. डॉक्टरबरोबर त्या पाळीतल्या आम्हा सगळ्यांना उचललं. ते बाळ मी आंघोळ घालून, ज्यांच्या हातात द्यायला सांगितलं त्यांच्या हातात दिलं होतं. त्या विक्रीशी माझा काही संबंध नव्हता, हे कोर्टाने शेवटी मान्य केलं. तोवर तारखांवर तारखा पडत वर्षं गेली होती.

आई मुलाकातीला आली होती. जाळीला बोटं लावून म्हणाली, "तू काय करूक नाय तां माका म्हायत आसा. पण मी कोणाकोणाक सांगत फिरू?" त्यानंतर ती आली नाही. मी आत असतानाच ती गेल्याचं कळलं.

शिरोडकरबाईंनी मला गिरगावात नेलं. खोताच्या वाडीत ग्रेसी आंटीच्या लाकडी घराची वरची खोली संस्थेने भाड्याने घेतली होती. तिथे आधीपासून विमल राहत होती. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "भात खाणार की पोळी?" मला उत्तरच देता येईना. आत कुणी असं विचारत नाही, जे येईल ते खायचं असतं. विमल म्हणाली, "होतं असं. दोन्ही खा."

नंतर तिनेच सांगितलं, "मी दादरला घरकाम करायचे. बाईचे दागिने घेतले. केलं होतं मी. शिक्षा भोगून आले." मग मी माझी केस सांगितली.

त्या दिवसांत मी लहान मुलासारखी होते. भाजीवाल्याकडेसुद्धा लोक फोन दाखवून पैसे देत होते, आणि माझं बँकेचं खातं बंद पडलेलं, सिमकार्ड दुसऱ्याच कुणाचं झालेलं. विमल मला हाताला धरून सगळीकडे न्यायची. संस्थेच्या पैशातून भाडं, शिधा, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं झालं. पोळीभाजी केंद्रात विमल कामाला होती, तिथे तिने मला चिकटवलं. मालकिणीला शब्द विमलने दिला. चोरीची शिक्षा भोगलेल्या बाईने माझी हमी घेतली आणि ती मालकिणीने मानली.

मग एके दिवशी दादरला देणगीदारांची बैठक भरली. शिरोडकरबाई आम्हा दोघींना घेऊन गेल्या. संस्थेचा बराचसा खर्च सामंतकाका नावाचे एक निवृत्त बँक अधिकारी उचलत होते. माणूस वाईट नव्हता. आधी आम्हा दोघींसाठी चहा मागवला. माझी हकीकत ऐकून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"यांच्यावर अन्याय झाला. यांना मदत व्हायलाच हवी," ते म्हणाले. "पण ज्यांनी खरोखर गुन्हा केला त्यांचं भाडं आपण का भरायचं? ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांना कोण काय देतं? यापुढे फक्त निर्दोष सुटलेल्यांना घ्या."

"सामंतसाहेब, त्यांची शिक्षा भोगून झालीय," शिरोडकरबाई म्हणाल्या.

विमल माझ्या शेजारी बसली होती. ती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. 

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. तरी उठले. म्हटलं, "काका, मी निर्दोष आहे हे माझ्या भावाला पहिल्यापासून माहीत होतं. त्याचा मला काही उपयोग झाला नाही. मला खोलीत घेतलं ते या विमलने. तिला बाहेर काढून मला ठेवणार असाल, तर मलाही नको."

 आम्ही चहाचे कप उचलून ठेवले आणि निघालो. पुढच्या महिन्यापासून सामंतकाकांचे पैसे आले नाहीत.

मी चांगलं केलं असं सांगत नाहीये. दिवस फार कठीण गेले. ग्रेसी आंटी म्हणाली, "जेवढा जमल तेवढा द्या," पण तिचंही पोट त्या भाड्यावरच होतं. शिधा कमी पडायचा. त्याच सुमारास सुटलेल्या एका मुलीला शिरोडकरबाईंना नाही म्हणावं लागलं. ती कुठे गेली, आम्हाला अजून माहीत नाही.  हळूहळू आधी सुटलेल्या बायका आपल्या पगारातून थोडं थोडं पाठवू लागल्या. दादरच्या त्या बैठकीनंतर हात आखडलेल्या दोघीतिघी देणगीदार पुन्हा देऊ लागल्या. खोली टिकली. आता कुणाची केस काय होती, हे आम्ही दारात विचारत नाही.

प्राचीचं लग्न झालं, तिला मुलगाही झाला. मग दिलीप खरंच न्यायला आला. मी जेवायला गेले. चाळीतल्या आमच्या खोलीत नव्या लाद्या घातल्या होत्या. प्राची माहेरी आली होती, बाळ तिच्या मांडीवर होतं. मी जवळ गेले तशी वहिनी म्हणाली, "झोप आलीय त्याला," आणि त्याला उचलून आत घेऊन गेली. बाळ टक्क जागं होतं. मी जेवले, माझं ताट घासलं. दिलीप रस्त्यापर्यंत सोडायला आला. "घर तुझंच आहे, सुलू," तो म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. मला त्याचा राग आला नाही. चालत चालत परळपर्यंत गेले, तेव्हा कुठे रडू आलं.

परवा विमलच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. सरकारी इस्पितळात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं कोण आहे?"

"मी."

"नातं?"

बहीण म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "तिच्या घरची."

"घरची म्हणजे कोण?"

"एका घरात राहतो आम्ही. तिला काही झालं तर मलाच सांगायचं."

त्याने वर पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

आत नेताना विमल घाबरली होती. पहिल्यांदाच तिला मी असं बघत होते. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मी बाहेर येईपर्यंत थांबशील ना गं?"

"कुठे जाणारेय मी?" मी म्हटलं.