गाळलेलं गाणं

“लगेच शब्द द्यायचा नसतो. एक श्वास थांबायचं, माणसाला स्वतःला आठवू द्यायचं.” असं म्हणून काकू बोट वर करायच्या, आणि ते खाली येईपर्यंत हॉलमध्ये कुणी हलायचं नाही.

कॉव्हेंट्रीच्या आमच्या हौशी संगीत नाटक ग्रुपमध्ये त्या वीस वर्षं प्रॉम्प्टर होत्या. विंगेत बसायचं आणि अडलेल्याला शब्द पुरवायचा, एवढंच काम. हॉस्पिटलच्या फार्मसीतून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. पर्समध्ये गाणाऱ्यांसाठी आल्याच्या वड्या. मी लाइट्स सांभाळायचे. मी काकू म्हणते हे ऐकून बाकीच्यांना ते नावच वाटलं, आणि एकदा प्रोग्रॅममध्ये ‘मिसेस काकू’ छापून आलं. त्यांनी ते दुरुस्त करू दिलं नाही. “राहू दे गं. बसल्याजागी वीस पुतणे मिळाले मला.”

त्या वर्षी आम्ही एकोणिसाव्या शतकातला एक फ्रेंच विनोदी ऑपेरा घेतला होता, अर्थात त्याच काळातल्या इंग्रजी रूपांतरात. त्यात एक प्रौढ आत्या तरुण कॅप्टनला लग्नाचं विचारते आणि सगळे तिला हसतात. काकू सत्तरीत इव्हनिंग क्लासला जाऊन फ्रेंच शिकल्या होत्या. त्यांनी मूळ प्रत मागवून वाचली आणि तालमीला गंभीर चेहऱ्याने आल्या.

“फ्रेंचमध्ये नकार मिळाल्यावर आत्या एक गाणं म्हणते,” त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. “इंग्रजीत ते गाळून तिला नुसतं खुर्चीवरून पाडलंय.”

“लोक हसायलाच येतात, काकू.”

“हसू देत ना. हसून झाल्यावर ऐकतील.”

“चाल आहे, पण इंग्रजी शब्द कोण लिहिणार?”

“मी.”

बसमध्ये बोटांच्या पेरांवर गाण्याचे शब्द मोजणारं माणूस तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. शेजारच्यांना वाटायचं, बाई जप करतायत. असे दोन महिने गेले. एकदा मी विचारलं, “काकू, एवढं का मनाला लावून घेतलंत?”

त्यांनी पेरांवरचा अंगठा थांबवला. “साठीला आले होते तेव्हा मीही एकाला विचारलं होतं. चांगला माणूस होता. पण हसला. वाईट हेतू नव्हता, त्याला खरंच गंमत वाटली.” मग माझ्या हातावर वडी ठेवत म्हणाल्या, “खुर्चीवरून पडायची सोय असती तर बरं झालं असतं. मला तशीच बस स्टॉपपर्यंत चालत जावं लागलं.”

प्रयोगात आत्या पडली, लोक पोटभर हसले. मग ती उठून गायला लागली आणि दोन कडव्यांत हॉल शांत झाला. मी विंगेकडे पाहिलं. काकू स्क्रिप्ट मिटून ऐकत होत्या. पुढच्या प्रवेशात कॅप्टन अडला, तर त्यांना पान सापडेना. वीस वर्षांत पहिल्यांदाच. “चुकलं हं माझं,” त्या नंतर सगळ्यांना सांगत होत्या. चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्या इल्फर्डला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या.

मागच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या एका ग्रुपने आमच्या प्रती उसन्या नेल्या. गाण्याचं पान त्यात चिकटवलेलं होतं. कुणी ते काढलं नाही. मी प्रयोगाला गेले. आत्या पडली, उठली, गायली. शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून पुसला.

“जुने लोक काय सुंदर लिहायचे,” ते मला म्हणाले.

मी हो म्हटलं.